उभ्यानं काढलेली वर्षं

आमच्याकडे ऑपरेशन झालं की आतून काढलेली वस्तू घरच्यांना दाखवतात. अपेंडिक्स असो, पित्ताचे खडे असोत, नाहीतर बाईची गर्भपिशवी. थिएटरचं दार अर्धं उघडतं, सिस्टर स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर येते आणि विचारते, "पेशंटचे कोण आहेत?" मग ज्यांना पाहवतं ते पाहतात आणि ज्यांना पाहवत नाही तेही पाहतात, कारण पाहिल्याशिवाय ऑपरेशन झाल्यासारखं वाटत नाही. माझी पिशवी माझ्या नवऱ्यानं पाहिली, सासूबाईंनी पाहिली. मीच तेवढी पाहिली नाही. मी आत भुलीत होते.

पुढचं कामही नवऱ्याचंच होतं. पिशवी एका बरणीत औषधी पाण्यात घालून त्याच्या हातात दिली आणि तपासणीसाठी लॅबमध्ये पोचवायला सांगितलं. लहान दवाखान्यांत हे घरच्यांनाच करावं लागतं. त्यानं बरणी भाजीच्या थैलीत घातली, थैली स्कूटीच्या हुकाला अडकवली आणि निघाला. नंतर मला त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "सिग्नलवर थैली हालून राहिली होती, मग मी पायानं धरून ठेवली." ज्या पिशवीत त्याची दोन्ही मुलं वाढली ती त्यानं घोट्यांमध्ये धरून नेली. मला हसू आलं होतं. हसताना दुखत होतं, तरी हसले.

आठवड्यानं लॅबचा रिपोर्ट आला. त्यात काही वाईट निघालं नव्हतं. घरात सगळ्यांनी सुस्कारा टाकला, सासूबाई विहारात जाऊन मेणबत्ती लावून आल्या. त्यांच्या दृष्टीनं माझा विषय तिथे संपला.

मी शाळेत मराठी शिकवते. महाल भागातली जुनी शाळा, जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या, वर्गात साठ मुलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं अंग खाली येऊ लागलं होतं. सकाळी कमी असायचं, पण दिवसभर उभं राहून शिकवलं की संध्याकाळी खाली काहीतरी ओघळून येतंय असं वाटायचं आणि खोकताना साडी ओली होण्याची चिंता. नंदनवन वस्तीतल्या आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलं झाली, आता पिशवीचं काय काम आहे मॅडम? खालूनच काढू. पोटावर एक टाका दिसणार नाही. आणि आतला सैल भाग टाक्यानं वर बांधून देऊ, म्हणजे पुन्हा त्रास नको." मी हो म्हटलं. आमच्या स्टाफमधल्या दोघींचं असंच झालं होतं आणि त्या मजेत होत्या, आजही आहेत. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर हे वाचून एखादी बाई घाबरून दुखणं अंगावर काढायची.

शुद्धीवर आले तेव्हा जे पहिलं दुखलं ते पोटात नव्हतं. उजव्या कुल्ल्यात, खोल आत, बसायच्या हाडाच्या मागे कुणीतरी दाभण खुपसून तसंच ठेवलंय असं वाटत होतं. मी सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "एका कुशीवर झोपून अवघडलं असन मॅडम." डॉक्टरीणबाई राउंडला आल्या तेव्हा त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "टाके ओले आहेत. होईल कमी." त्या चांगल्या होत्या, घाईत होत्या, आणि माझ्याशी बोलताना पुढच्या पेशंटची फाईल उघडत होत्या. मला अजून त्या फाईलचा राग येतो.

टाके सुकले. खालची ती ओढ थांबली, ज्यासाठी ऑपरेशन केलं ते खरोखरच बरं झालं. आणि मला बसता येईना. उभी असले की ठीक, आडवी झाले की चालून जाई, पण बूड टेकलं की दाभण आत सरके आणि मांडीच्या आतून, नको त्या जागेपर्यंत जाळ उतरत जाई. पाच मिनिटं मी दात आवळून काढायची. दहाव्या मिनिटाला कपाळावर घाम यायचा.

बसता न येणं म्हणजे काय, हे आपल्या लोकांत राहूनच कळतं. कुणाच्याही घरी जा, पहिला शब्द 'बसा'. पाणी नंतर, चहा त्याच्याही नंतर. जो बसत नाही तो घाईत आहे, नाहीतर रागावलेला आहे. मला भेटायला आलेल्या बायका पलंगावर, खुर्चीवर, सतरंजीवर बसायच्या आणि मी पेशंट असून भिंतीला खांदा लावून उभी. "अवं बस नं," "बस ना बाई," "आम्ही परके हावो का?" असं सगळ्या म्हणत. शेवटी बायका यायच्या बंद झाल्या, आणि त्यात मी त्यांना दोष देत नाही. उभ्या माणसाशी कुणी किती वेळ बोलणार?

शाळेत उलटंच झालं. हेडमास्तरांनी एका सभेत सगळ्यांसमोर सांगितलं, "आपल्या मराठीच्या मॅडमकडे पाहा. वर्गात खुर्चीला हात लावत नाहीत. पूर्ण तास उभ्यानं शिकवतात. याला म्हणतात निष्ठा." टाळ्या वाजल्या. मी मागे दाराशी उभी होते आणि टाळ्या संपायची वाट पाहत होते, कारण सभा संपली की मला रिकाम्या वर्गात बाकावर पालथं पडता येणार होतं. तेव्हापासून स्टाफरूममधल्या तरुण शिक्षिका माझ्यावर थोड्या खार खाऊन असत, तेही बरोबरच होतं. माझ्यामुळे त्यांना उभं राहावं लागत होतं.

रविवारी विहारात सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून मांडी घालून बसतात. मी मागच्या खांबाला टेकून उभी. भंतेजी सांगत, दुःख आहे हे आधी जाणा. मी मनात म्हणे, भंतेजी, ते मी जाणलंय, आता पुढचं सांगा. सासूबाई वळून वळून माझ्याकडे पाहायच्या. घरी आल्यावर म्हणायच्या, "साऱ्या बाया बसल्या होत्या. तूच एकटी मास्तरणीवाणी उभी. लोक काय म्हणत असन?"

अख्ख्या घरात मला बसता येईल अशी एकच जागा होती, आणि ती सांगायची लाज वाटे. संडासातला कमोड. तिथे दुखत नसे. का, ते मला कळत नव्हतं. पण लाकडी खुर्ची, गादीची खुर्ची, उशी, सतरंजी सगळं करून झालं होतं आणि फक्त तिथेच दाभण शांत राही. सहामाहीचे पेपर मी तिथे तपासले आहेत, मांडीवर पाट ठेवून. सासूबाई दार वाजवायच्या. "संडासात काय करून राहिली वं इतक्या वेळची? मोबाईल पाहून राहिली का?" मी पाणी सोडून गठ्ठा पदराखाली लपवून बाहेर यायची. सत्तेचाळीस वर्षांची बाई, मुलांना व्याकरण शिकवणारी, स्वतःच्या घरात चोरासारखी. याचं मला आजही हसू येत नाही.

नवरा कळमन्याच्या धान्यबाजारात एका अडत्याच्या दुकानात आहे. तूर असो की चणा, पोत्यात हात घालायचा, मूठभर बाहेर काढायची, एक दाणा दाताखाली फोडायचा, मग बोलायचं. आयुष्यभर तो हेच करत आला आहे. माझ्या बाबतीतही त्यानं तेच केलं, आणि ते त्याच्या हिशेबानं चोखच होतं. जी दुखत होती ती वस्तू त्यानं ट्रेमध्ये पाहिली, बरणीत पाहिली, स्वतः नेऊन पोचवली. तिचा रिपोर्ट चांगला आला. आता दुखायला माल शिल्लक कुठे होता?

एका संध्याकाळी तो आणि सासूबाई खाली जेवायला बसले होते आणि मी ओट्यापाशी ताट ठेवून उभ्यानं जेवत होते. सासूबाई म्हणाल्या, "पाह्य कशी घोड्यावाणी उभ्यानं जेवते. पिशवी काढली का बाईचं डोकं फिरते म्हणते, तसंच झालं."

नवरा घास थांबवून म्हणाला, "काहून असं करून राहिली तू? बस नं दोन मिनिट. माय म्हातारी झाली, तिच्या शेजारी बसून जेवता येत नाही तुले?"

"मले दुखते," मी म्हटलं.

"काय दुखते? मी माह्या डोळ्यानं पाह्यली नं पिशवी. निघाली. आता तिथं हाये काय दुखाले?"

"मले मालूम नाही काय हाये. दुखते."

"रिपोर्ट नॉर्मल हाये."

"बरणीतल्या पिशवीचा नॉर्मल हाये. माहा नाही."

मी ताट सिंकमध्ये आपटलं. वाटी खणखणत खाली गेली. ते जेवण तसंच संपलं.

खरी गोष्ट याहून वाईट होती, आणि ती जेवणाबद्दल नव्हती. तो जवळ आला की मला तोच जाळ व्हायचा. पहिल्यांदा मी सहन केलं, दुसऱ्यांदा ओरडले, तिसऱ्यांदा त्याचा हात बाजूला केला. त्यानंतर तो आला नाही. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त पलंगावर कूस बदलली आणि माझ्याबद्दल एक मत बनवून टाकलं. हिला आता घर नको, मी नको, आणि हे दुखणं म्हणजे त्याचं निमित्त. त्याच्या पाठीकडे पाहत पडले की मला त्याचं ते मत स्पष्ट ऐकू यायचं. मला दुखण्यातून सुटायचं होतंच, पण त्याच्याही आधी मला हवं होतं की या माणसानं माझं खरं मानावं. बाकी जगानं नाही मानलं तरी चालेल.

डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेले. त्यांनी तपासलं, म्हणाल्या, टाके सुरेख भरलेत. हाडाच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढला, नॉर्मल. व्यायाम दिले, त्यातला एक बसून करायचा होता. आणखी एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात बायकांचं मन जरा नाजूक असतं. प्रत्येक नॉर्मल रिपोर्ट घरात माझ्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा राहत होता. अशी चार वर्षं गेली. मुलं शिकायला पुण्याला गेली, फोनवर विचारायची, "मम्मी, आता बरं आहे ना?" त्यांना हो म्हणणं सोपं होतं.

शेवटी त्याच हाडाच्या डॉक्टरांनी, बहुतेक मला कंटाळून, एका भूलतज्ज्ञाकडे पाठवलं, जे फक्त जुन्या दुखण्याचे पेशंट पाहतात. धंतोलीतला दुसऱ्या मजल्यावरचा दवाखाना. इंजेक्शन द्यावं लागलं तर सोबत कुणीतरी हवं, असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून नवरा आला. तो खुर्चीवर बसला, मी उभी राहिले. डॉक्टरांनी मला बसा म्हटलं नाही. चार वर्षांत तसं न म्हणणारा तो पहिला माणूस.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, कमोडवर बसल्यावरही असंच दुखतं?"

मी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग "नाही, तिथं नाही दुखत," एवढं म्हटलं आणि मला रडू कोसळलं. लाजेनं नव्हे. हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, म्हणजे माझ्यासारख्या आणखी बायका असणार, हे मला त्या क्षणी कळलं.

त्यांनी कागदावर आकृती काढली. आतला भाग वर बांधायला जिथे टाका घेतात, त्याच्या अगदी शेजारून एक नस जाते. ती टाक्यात सापडली असेल, किंवा टाक्याभोवतीच्या व्रणात. सपाट जागी बसलं की तिच्यावर दाब येतो, कमोडवर येत नाही. असं फार कमी जणींना होतं, आणि एमआरआयमध्ये बहुतेकदा दिसत नाही.

नवरा म्हणाला, "पण डॉक्टरसाहेब, पिशवी तर काढली नं. मी पाह्यली."

"पिशवी निघाली हो," डॉक्टर म्हणाले. "नस तिथेच आहे."

मी विचारलं, तो टाका कापून काढता येईल का. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पहिल्या काही दिवसांत लक्षात येऊन काढला असता, तर बराच फरक पडला असता. आता इतक्या वर्षांनी मी खात्री देऊ शकत नाही. नस एकदा बिघडली की ती आपली आपण दुखत राहते." मी म्हटलं, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." माझं डोकं इतकं तापलं होतं की टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून भिरकावावा असं वाटलं. तो मी हातात घेतला आणि परत ठेवला.

मग त्यांनी आम्हा दोघांना समजावलं. नसेजवळ भूल देऊन पाहायचं. दुखणं थांबलं तर गुन्हेगार तीच नस, हे पक्कं होईल. पण ती भूल आहे, काही तासांत उतरेल. सोबत एक औषध सोडतील, त्याचा गुण हळूहळू कुणाला येतो, कुणाला येत नाही. "आज बरं वाटलं म्हणून बऱ्या झाल्या असं समजू नका," हे त्यांनी नवऱ्याकडे पाहून सांगितलं.

पालथी झोपवून इंजेक्शन दिलं. सुई आत गेली आणि नेमकं तेच दुखणं उठलं. मी ओरडले, "हेच, हेच." ते म्हणाले, "बरोबर जागी आहोत." मग तिथे ऊब पसरली.

दुखणं थांबलंय हे मला लगेच कळलं नाही. घराशेजारची पिठाची गिरणी दिवसभर चालू असते, आपल्याला तिची सवय होते, आणि लाईट गेली की एकदम कान मोकळे होतात, तसं काहीसं झालं. मी उठून उभी राहिले. सिस्टर म्हणाली, बसून पाहा. मी स्टुलाकडे पाहिलं, हातानं कड धरली आणि दम रोखून टेकले. काहीच झालं नाही. लाकूड लागलं, फक्त लाकूड.

येताना स्कूटीवर मागे बसले. चार वर्षं मी बसमध्ये उभ्यानं गेले होते. मेडिकल चौकाच्या अलीकडे मी नवऱ्याला म्हटलं, "थांबवा नं, पोहे खाऊ." टपरीच्या बाकावर बसून आम्ही तर्री-पोहे खाल्ले. प्लेट संपली, तो उठला, म्हणाला, "चल." मी म्हटलं, "थांबा जरा, बसू द्या." तो पुन्हा बसला. समोरून ऑटो जात होते, एक माणूस संत्र्यांची गाडी ढकलत होता, आणि मी बसले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तर्री तिखट होती म्हणून नाही.

घरी आल्यावर सासूबाई सतरंजीवर मेथी निवडत होत्या. मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि जुडी ओढली. त्या पाहतच राहिल्या. "बसली वं तू?" एवढंच म्हणाल्या. मग गल्लीतल्या कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगायला लागल्या, आणि त्यांनी त्या सुनेची अशी हुबेहूब नक्कल केली की मी मोठ्यानं हसले. पोट धरून, मागे भिंतीला डोकं टेकून.

नवरा दारात होता. त्या दिवशी तो कामावर गेलाच नाही. मी हसता हसता वर पाहिलं तेव्हा तो माझ्याकडे असा पाहत होता, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाला परगावी अचानक पाहावं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याला काय दिसलं असेल ते मला कळलं. चार वर्षं त्याच्या घरात जी बाई वावरत होती, कपाळाला आठी, आवाजाला धार, पलंगाच्या काठाला आखडून पडणारी, ती मी नव्हतेच. मी ही होते, आणि ही मधल्या काळात कुठे होती, याचं उत्तर त्याच्यापाशी एकच उरलं होतं.

तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

दिवेलागणीला भाजीला फोडणी घातली आणि पुन्हा सतरंजीवर येऊन बसले. आधी नुसती मुंगी चावल्यासारखं झालं. मी थोडी सरकले. मग ते आत शिरलं, ओळखीच्या वाटेनं, कुठेही न चुकता. मी भिंतीला हात लावून उठले. तोंडातून ब्र काढला नव्हता. चेहराही सांभाळला होता, चार वर्षांत तेवढं मी शिकले होते.

नवरा समोरच्या खुर्चीत होता. तो उभा राहिला. "परत आलं का?" त्यानं विचारलं.

"हाव."

तो माझ्याजवळ आला, पण हात कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. "मले वाटत होतं का तू..." असं म्हणाला आणि थांबला. त्याचे डोळे भरले होते. सासूबाई उरलेला मेथीचा पाला पाटीत भरत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी चार वर्षं याच क्षणाची वाट पाहिली होती. तो आला तर काय काय बोलायचं, कसं सुनवायचं, ते सगळं संडासात बसून कितीदा पाठ केलं होतं. आता तो माझं मानत होता, पुरतं मानत होता, आणि उजव्या हाडामागे दाभण तेवढंच आत होतं, सूतभरही कमी नाही. मला त्याची कीव आली नाही. रागही आला नाही. मला फक्त पुन्हा बसायचं होतं.